परक्या सिमला मज्जाव

अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगेतून बदाम आणि चॉकलेटं निघतात, तसाच हल्ली एखादा वापरलेला आयफोनही निघतो. "मावशी, मी नवीन घेतला, हा तू वापर." मावशी हौसेने जुन्या फोनमधलं सिम काढते, टाचणी टोचून आयफोनचा ट्रे बाहेर ओढते, सिम बसवते आणि पडद्यावर पाटी येते: 'सिम नॉट सपोर्टेड'. सिम चांगलं असतं, फोनही धडधाकट असतो. वायफायवर यूट्यूब चालतं, फोटो झकास येतात, फक्त फोन काही लागत नाही. भाचा परत गेल्यावर हे लक्षात आलं तर मग गल्लीतला मोबाइलवाला. तो फोन उलटासुलटा करून एका वाक्यात निदान सांगतो, "काकू, नेटवर्क लॉक आहे. चिप टाकावी लागेल."

चिपचं पुढे बघू. आधी हे लॉक नेमकं कुठलं ते बघायला हवं, कारण दुकानात चार निरनिराळ्या भानगडी या एकाच नावाखाली खपतात. पडद्याचा पिन विसरणं ही पहिली. जुन्या मालकाचं ॲपल किंवा गूगल खातं फोनवर तसंच राहून गेलेलं असणं ही दुसरी. चोरीची तक्रार झाल्यामुळे फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, म्हणजे आयएमईआय, काळ्या यादीत गेलेला असणं ही तिसरी. या तिन्हींत कुलूप फोनच्या मालकासाठी असतं, चोराच्या विरोधात असतं. मावशीच्या फोनचं कुलूप चौथ्या जातीचं. ते फोन विकणाऱ्या मोबाइल कंपनीने आपल्या पैशांच्या काळजीपोटी घातलेलं असतं आणि ते अडवतं खुद्द मालकालाच. त्यात कोणाचे पैसे अडकलेत हे कळलं, की चावी कोणाकडे आहे हेही बहुतेक वेळा कळतं.

आता हे कुलूप चालतं कसं? प्रत्येक सिमकार्डात ग्राहकाची ओळख पटवणारा, बहुधा पंधरा आकडी, एक क्रमांक असतो. त्याला आयएमएसआय म्हणतात. आपला दहा आकडी मोबाइल नंबर तो हा नव्हे. हा क्रमांक आपल्याला कधी दिसतही नाही. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ किंवा ४०५, अमेरिकेचे ३१० आणि त्यापुढचे काही. नंतरचे दोन किंवा तीन आकडे कंपनीचे, आणि भारतात तर सर्कलचेही. एअरटेलच्या महाराष्ट्र-गोवा सर्कलला ९० मिळाले, त्याच सर्कलमध्ये आयडियाला २२. मुंबईत मॅक्सटचची ऑरेंज झाली, ऑरेंजची हच, हचची व्होडाफोन. नावं बदलत गेली तरी त्या नेटवर्कचे आकडे ४०४-२०च राहिले. अमेरिकेतल्या एटी अँड टीचे आकडे ३१०-४१०. उरलेले आकडे त्या एका ग्राहकाचे.

फोनमध्ये रेडिओचं काम बघणारा एक वेगळा प्रोसेसर असतो, बेसबँड नावाचा. फोन सुरू झाला की तो सिममधून हा क्रमांक वाचतो, पहिले पाच-सहा आकडे काढतो आणि आपल्यापाशी साठवलेल्या यादीशी ताडून बघतो. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन वहीत नाव नसलेल्या पाहुण्याला बाहेरच थोपवतो, वर घरात लोक त्याची वाट का बघत असेनात. बेसबँडचा कारभार तसाच. यादीत ३१०-४१० असेल आणि सिम म्हणत असेल ४०४-९०, तर फोन नेटवर्कशी बोलायलाच जात नाही. इथली कंपनी मावशीला सेवा द्यायला तयार असते. तिच्या टॉवरला तर अमेरिकेतल्या त्या कुलपाची गंधवार्ताही नसते. तपासणी सगळी फोनच्या पोटात. आणीबाणीचा ११२ तेवढा लागतो, कारण तो लागलाच पाहिजे असा जगभरचा दंडक आहे.

जीएसएमच्या मानक दस्तऐवजात या कुलपाच्या पाच पायऱ्या दिलेल्या आहेत. एका नेटवर्कपुरतं, त्या नेटवर्कमधल्या एका गटापुरतं, एका सेवा देणाऱ्या कंपनीपुरतं, एखाद्या कॉर्पोरेट ग्राहकापुरतं आणि शेवटी एकाच सिमपुरतं. म्हणजे कुलपाची सोय मानक ठरवतानाच करून ठेवलेली होती, आणि चावीचीही. आकड्यांचा एक कोड टाकला की यादी पुसली जाते आणि फोन कोणतंही सिम घेतो.

नोकिया ३३१०च्या जमान्यात हा कोड टाकणं म्हणजे बोटांचा व्यायाम होता. हॅशचं बटण दाबायचं, मग 'पी', 'डब्ल्यू', अधिकचं चिन्ह, मग दहा आकडी कोड, पुन्हा अधिकचं चिन्ह, एक, आणि शेवटी हॅश. यातली 'पी' आणि 'डब्ल्यू' ही अक्षरं साध्या टंकनात मिळत नसत. स्टारचं बटण भराभर दोनदा दाबलं की अधिकचं चिन्ह, तीनदा दाबलं की 'पी', चारदा दाबलं की 'डब्ल्यू'. मध्ये हात रेंगाळला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. कोड बरोबर असेल तर पडद्यावर 'फोन रिस्ट्रिक्शन ऑफ' असं उमटे. संधी पाचच. पाचही वाया घालवल्या की कोडने काम होत नसे, मग केबल लावून फोनची मेमरीच हाताळावी लागे. मुंबईत हीरा पन्ना आणि मनीष मार्केटात बिलाशिवाय येणाऱ्या परदेशी फोनांचा ज्या काळी सुकाळ होता, त्या काळी हे काम करून देणाऱ्यांना चांगले दिवस होते. काउंटरवर केबलांचं जंजाळ, एक 'बॉक्स' आणि एक जुना कॉम्प्युटर एवढ्या भांडवलावर धंदा चाले. त्या धंद्याच्या भाषेत याला 'सॉफ्टवेअर मारणं' म्हणत. अजूनही म्हणतात.

कोड सापडे कसा? तो आयएमईआय क्रमांक आणि नेटवर्कचे आकडे यांच्यापासून ठरावीक सूत्राने काढलेला असायचा. सूत्र फुटलं की संपलं. नोकियाचं फुटलं आणि त्याचे कॅल्क्युलेटर इंटरनेटवर फुकट फिरू लागले. पुढे हुआवेच्या इंटरनेट डोंगलांचंही तेच झालं. थ्रीजीच्या सुरुवातीच्या वर्षांत आपल्याकडे कंपन्या आपापल्या शिक्क्याचे डोंगल विकायच्या, आत बहुतेक वेळा हुआवेचाच तुकडा आणि त्याला कंपनीचं कुलूप. कोड आठ आकडी, संधी दहा. आयएमईआयला एक ठरलेली गुप्त अक्षरमाळ जोडायची, त्यावर एमडी-५ हे प्रसिद्ध गणित चालवायचं आणि येणाऱ्या उत्तराची घडी घालून आठ आकडे काढायचे, एवढीच त्या चावीची किमया. गुप्त अक्षरमाळ सगळ्या डोंगलांना एकच! इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे असलं कुलूप किती टिकणार?

मग कंपन्या शहाण्या झाल्या. सूत्र सोडून त्यांनी प्रत्येक फोनला यदृच्छेने वेगळा कोड द्यायला सुरुवात केली आणि तो आपल्या सर्व्हरवर ठेवला. ॲपलने तर कोडच काढून टाकला. आयफोन सुरू करताना तो ॲपलच्या सर्व्हरला विचारतो, 'मला कुठलं सिम चालेल?' आणि उत्तर तिथून येतं. मोबाइल कंपनीने ॲपलला 'याला मोकळं करा' असं कळवलं, की त्या आयएमईआयची नोंद बदलते आणि पुढच्या वेळी उत्तर वेगळं येतं. फोनला कोणी हातही लावलेला नसतो. दुकानदार ज्याला 'फॅक्टरी अनलॉक' म्हणतात ते हेच.

हा खटाटोप कशासाठी, याचं ठरीव उत्तर म्हणजे सबसिडी. २००८ साली अमेरिकेत आयफोन ३जी १९९ डॉलरला मिळत होता. फोनची खरी किंमत त्याच्या कितीतरी पट. वरचे पैसे एटी अँड टी स्वतः भरत होती आणि दोन वर्षांच्या करारात महिन्याच्या बिलातून वसूल करत होती. ग्राहक महिनाभराने फोन घेऊन दुसऱ्या कंपनीकडे गेला तर? म्हणून कुलूप. ऐकायला हे रास्त वाटतं. पण करार मोडणाऱ्याकडून दंड वसूल करण्याचं कलमही त्याच करारात असायचं. एकाच कर्जाला दोन तारणं झाली ही.

शिवाय सबसिडीची ही कथा आयफोनच्या पहिल्याच आवृत्तीला लागू पडत नाही. २९ जून २००७ रोजी तो ४९९ आणि ५९९ डॉलरला विक्रीला आला. हे पैसे ग्राहक पुरते मोजत होता, तरीही फोन एटी अँड टीला बांधलेला आणि वर दोन वर्षांचा करार. कारण त्या सौद्यात एटी अँड टीला येणाऱ्या मासिक बिलातला वाटा ॲपललाही मिळत होता. फोन दुसऱ्या नेटवर्कवर गेला की तो वाटा बुडाला. त्या वर्षी ऑक्टोबरात ॲपलचे टिम कुक यांनी सांगितलं, की तोवर विकल्या गेलेल्या १४ लाख आयफोनांपैकी सुमारे अडीच लाख लोकांनी अनलॉक करण्याच्या इराद्याने घेतले असावेत. मग ॲपलने एका माणसाला दोनच फोन, तेही रोख पैसे न घेता, असा नियम काढला. रोकडीला नकार देणारा दुकानदार विरळाच!

त्या फोनचं कुलूप तोवर फुटलंही होतं. न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ या १७ वर्षांच्या मुलाने ऑगस्ट २००७ मध्ये फोन उघडून, आत सोल्डरिंग करून, बेसबँडला चकवलं आणि टी-मोबाइल या दुसऱ्या कंपनीचं सिम चालवून दाखवलं. असा मोकळा केलेला एक फोन त्याने केंटकीतल्या एका व्यावसायिकाला दिला आणि बदल्यात एक निसान ३५०झी मोटार आणि तीन नवे आयफोन घेतले. सप्टेंबर संपता संपता ॲपलने १.१.१ ही नवी सॉफ्टवेअर आवृत्ती सोडली आणि अनलॉक केलेले कितीतरी फोन दगड होऊन पडले.

आपल्याकडे आयफोन ३जी आला तो २२ ऑगस्ट २००८ रोजी, एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत. आठ जीबीचा ३१,००० रुपये, सोळा जीबीचा ३६,१०० रुपये. अमेरिकेतले १९९ डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने साडेआठ हजारांच्या आसपास. इथे सवलत शून्य, किंमत पुरेपूर, आणि कुलूप मात्र अमेरिकेसारखंच. लोकांनी नाकं मुरडली नसती तरच नवल. ज्यांना फोन हवाच होता त्यांच्यातल्या अनेकांनी परदेशातून आणवलेला, अनलॉक केलेला फोन पसंत केला.

एक गंमत अशी, की अमेरिकेत फोन अनलॉक करावा की करू नये हे काही वर्षं चक्क ग्रंथपालाच्या हाती होतं. १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरवरचं तांत्रिक कुलूप तोडायला बंदी घातली. हेतू होता सिनेमा-संगीताची चोरी थांबवण्याचा, पण फोनमधलं सॉफ्टवेअरही त्यात सापडलं. या बंदीतून कशाला सूट द्यायची हे दर तीन वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख ठरवतात, कारण तिथलं कॉपीराइट कार्यालय त्या ग्रंथालयाचाच भाग आहे. २००६ साली त्यांनी फोन अनलॉकिंगला सूट दिली, २०१० साली ती पुन्हा दिली, आणि २०१२ साली नव्याने घेतलेल्या फोनांसाठी काढून घेतली. २६ जानेवारी २०१३ नंतर विकत घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीवाचून अनलॉक करणं बेकायदा ठरलं. पैशांसाठी हे करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. करार संपलेला, पैसे फिटलेले, तरी फोन उघडला तर गुन्हा!

सिना खनीफार या तरुण उद्योजकाने व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर याविरुद्ध अर्ज टाकला. सरकारने उत्तर द्यावं यासाठी महिन्याभरात एक लाख सह्या लागत, पडल्या एक लाख चौदा हजारांवर. मार्च २०१३ मध्ये व्हाइट हाउसने अर्जदारांची बाजू उचलून धरली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी अनलॉकिंगला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. अमेरिकी संसदेत दोन्ही पक्ष एका गोष्टीवर एकमत होण्याचे प्रसंग कमी, त्यातला हा एक. मात्र या कायद्याने ग्राहकाला कुलूप तोडायची मुभा मिळाली, तरी कंपनीवर चावी देण्याची सक्ती आली नाही. कंपन्यांनी २०१५ पासून आपल्या संघटनेची आचारसंहिता म्हणून काही नियम स्वीकारले: करार आणि हप्ते पुरे झाले की पोस्टपेड फोन मोकळा करायचा, प्रीपेड फोन फार तर वर्षभराने, आणि अर्ज आल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं.

चावी सर्व्हरवर गेल्यापासून कुलूप फोडणाऱ्यांचं लक्षही सर्व्हरकडे वळलं होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावी एटी अँड टीचं एक कॉल सेंटर होतं. २०१२ पासून एका पाकिस्तानी नागरिकाने तिथल्या कर्मचाऱ्यांना लाच द्यायला सुरुवात केली. आधी ते त्याने पाठवलेले आयएमईआय क्रमांक स्वतः अनलॉक करून देत. कंपनीने यंत्रणा बदलल्यावर त्याने त्यांच्याकरवी कंपनीच्या संगणकांत घातक सॉफ्टवेअर बसवून घेतलं आणि हजारो मैलांवरून स्वतःच कुलपं उघडू लागला. त्यातल्या एकट्या एका कर्मचाऱ्याला पाच वर्षांत चार लाख डॉलरहून अधिक रक्कम पोचली. सुमारे १९ लाख फोन मोकळे झाले, कंपनीने नुकसान सांगितलं ते वीस कोटी डॉलरच्या वर. २०२१ साली त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. कोणाच्या तरी टेबलावरची एक नोंद बदलण्याला बाजारात एवढा भाव असेल, तर हे कुलूप तांत्रिक आहे असं म्हणायला जीभ वळत नाही. हे उधारीचं खातं आहे, आणि खातं म्हटलं की कारकून आलाच.

बाकीच्या देशांनी फार घोळ घातला नाही. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून फोन मोकळेच विकायचे आणि जुने फोन फुकट उघडून द्यायचे असा नियम केला. त्याआधी २०१६ या एका वर्षात तिथल्या कंपन्यांनी निव्वळ अनलॉकच्या शुल्कापोटी ३.७७ कोटी कॅनेडियन डॉलर गोळा केले होते. जपानने ऑक्टोबर २०२१ पासून कुलूप बंद केलं, ब्रिटनने त्याच वर्षी डिसेंबरात. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामकाचं म्हणणं साधं होतं: कंपनी बदलायचा विचार करून मागे फिरलेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना या कुलपानेच अडवलं होतं. तिथे फोन उघडायला दहा पौंडांच्या आसपास पडत. रक्कम किरकोळ, पण कोड मागवा, वाट बघा, तो चालला नाही तर पुन्हा फोन करा, या कटकटीनेच माणूस जागचा हलत नसे.

भारतात हे कुलूप मुळात रुजलंच नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक ग्राहक प्रीपेड. आज रिचार्ज केलं, उद्या सिम फेकून दिलं. अशा माणसाला कंपनी फोनवर सवलत कशाच्या भरवशावर देणार? फोन आपण रोखीने घेतला, सिम वेगळं घेतलं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पुढे दोन सिमचे फोन आले आणि कुलपाच्या कल्पनेची शोभाच झाली. एकाच फोनमध्ये बोलायला एक कंपनी आणि इंटरनेटला दुसरी, ही आपल्याकडची साधी काटकसर.

आयफोन ३जी आणि ते डोंगल सोडले तर मोठे अपवाद दोन, आणि दोन्ही रिलायन्सच्या घराण्यातले. जुलै २००३ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने 'मान्सून हंगामा' योजनेत ५०१ रुपयांत हातात फोन दिला, बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून. फोन सीडीएमए तंत्राचा, त्यात सिमच नव्हतं. नंबर फोनमध्येच भरलेला, आणि फोनची ओळख कंपनीच्या दप्तरी नोंदलेली. कंपनी बदलायची तर फोन टाकूनच द्यावा लागे. याहून पक्कं कुलूप कुठलं असणार? रिक्षावाल्यांपासून भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या हाती फोन आला खरा, पण बिलंही भरमसाट थकली. माणूस फोनच टाकून द्यायला तयार असेल, तर कुलूप कितीही पक्कं असून उपयोग नाही. जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय झाली, तेव्हाही या ग्राहकांना नंबर नेता आला, फोन नाही. दुसरा अपवाद २०१७ चा जिओफोन. दीड हजार रुपये अनामत, तीन वर्षांनी परत, आणि सिम चालणार फक्त जिओचं. पैसे कोणाचे अडकले होते ते इथेही स्पष्टच आहे.

आता मावशीची चिप. कागदासारखा पातळ एक सर्किटचा तुकडा सिमच्या आणि फोनच्या मध्ये बसवतात. फोन जेव्हा 'कोण आहे?' विचारतो तेव्हा हा तुकडा सिमच्या ऐवजी मूळ अमेरिकी कंपनीचे आकडे सांगतो, आणि तपासणी पार पडली की खऱ्या सिमला पुढे करतो. युक्ती हुशारीची आहे, पण दर सॉफ्टवेअर अपडेटला तिची छाती धडधडते. ॲपलने एक फट बुजवली की फोन पुन्हा मुका. सेकंडहँड बाजारात म्हणूनच 'चिपवाला' आयफोन स्वस्त आणि 'फॅक्टरी अनलॉक' महाग. घेताना सेटिंग्ज, जनरल, अबाउट असं जाऊन 'कॅरिअर लॉक' ही ओळ बघावी. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं असेल तर फोन मोकळा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून मिळणारा आयएमईआय 'केवायएम' या अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर एसएमएस केला, तर तो काळ्या यादीत आहे का हेही कळतं. चोरीच्या फोनांची ही यादी आधी महाराष्ट्रात सुरू झाली, सप्टेंबर २०१९ मध्ये, आणि मे २०२३ पासून देशभर. दुकानदार 'आयएमईआय बदलून देतो' म्हणाला तर मात्र तिथून निघावं. नेटवर्क लॉक काढणं वेगळं आणि आयएमईआय बदलणं वेगळं. दुसऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे.

खरा उपाय भाच्याकडे आहे आणि तो फुकट आहे. फोनचे सगळे हप्ते फिटलेले, फोन त्याच्या खात्यावर कंपनीने ठरवलेले दिवस वापरलेला आणि चोरीची नोंद नसलेला, एवढं जमत असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर आयएमईआय टाकून अर्ज करता येतो. विमानात बसण्याआधी करावा हे उत्तम, पण नंतरही चालतो, कारण बदल सर्व्हरवर होतो. फोन पुण्यात असला काय आणि अमेरिकेतल्या प्लेनोत असला काय. हप्ते चालू असलेला फोन मात्र कोणीही मोकळा करून देणार नाही, आणि भाच्याने तो तसाच भेट दिला असेल तर त्याला प्रेमाने पण स्पष्ट विचारायला हरकत नाही.

कुलूप निघालं म्हणजे सगळं साधलं असंही नाही. उलट दिशेचा अनुभव शिकायला अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या मुलांना येतो. इथून नेलेल्या फोनला कुठलंच कुलूप नसतं, तरी एटी अँड टीचं सिम त्यात चालेलच असं नाही. त्या कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. तेव्हापासून साधं बोलणंही फोरजीवरूनच जातं, आणि कोणत्या मॉडेलला ते करू द्यायचं याची यादी कंपनीपाशी असते. भारतात विकली जाणारी अनेक मॉडेलं त्यात नाहीत. म्हणजे इथे यादी फोनमध्ये नाही, नेटवर्ककडे आहे, आणि ती कुठल्याही कोडने उघडत नाही. लहरींच्या पट्ट्यांचाही प्रश्न असतो: टी-मोबाइल खेड्यापाड्यांत वापरते तो ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा भारतासाठी बनवलेल्या बऱ्याच फोनांत नसतो. इकडे येणाऱ्या फोनांचं थोडं बरं आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला चौदाव्या आवृत्तीपासून सिमचा ट्रेच नाही, पण जिओ, एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन-आयडिया) ई-सिम देतात.

ज्या भारतात नेटवर्क लॉक रुजलं नाही, तिथे त्याचा चुलतभाऊ आता बस्तान बसवतो आहे. महागडे फोन आपण हल्ली हप्त्यांवर घेतो, आणि कर्ज देणारी वित्त कंपनी कित्येकदा फोनमध्ये आपलं नियंत्रण बसवून देते. सॅमसंगची नॉक्स गार्ड नावाची सेवा नेमकी याचसाठी आहे. हप्ता चुकला की आधी पडद्यावर आठवण, मग वॉलपेपरच्या जागी थकबाकीची सूचना, आणि शेवटी फोन बंद. फक्त कर्जवाल्याला आणि आणीबाणीचा फोन लावता येतो. नेटवर्क लॉकने निदान फोटो आणि वायफाय सोडलं होतं. इथे यूपीआय, रेशनच्या दुकानातला ओटीपी, मुलांचा अभ्यास, सगळंच थांबतं. फॅक्टरी रिसेट मारूनही हे जात नाही, कारण चावी पुन्हा सर्व्हरवरच आहे. तेव्हा शेवटचा हप्ता गेल्यावर कर्ज फिटल्याचा दाखला मागाल तेव्हाच फोनवरचं नियंत्रण काढल्याचंही लेखी घ्या, आणि सेकंडहँड फोन घेताना विकणाऱ्याकडे हा कागद मागा.